फोनवर नेटके मराठी लिहायचे तर

सोसायटीच्या ग्रुपवर रात्री संदेश येतो : ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही आले तर सेक्रेटरींना फोन करा’. निम्मी बिऱ्हाडे रात्रीच बादल्या भरून ठेवतात, निम्मी निवांत झोपतात, आणि दोघांचेही वाचन बरोबर असते. पूर्णविराम ‘येणार’नंतर पडला तर पाणी येते, ‘नाही’नंतर पडला तर जाते. लिहिणाऱ्याने तो टाकलाच नाही.

लोकांना व्याकरण येईनासे झाले म्हणून ऑनलाइन मराठी बिघडली, असे सर्रास म्हटले जाते. ते निम्मेच खरे आहे. फोनवर लिहिलेला मजकूर तपासायला बसा. बऱ्याच चुका माणसाने नव्हे, कळफलकाने केलेल्या निघतात. कुठे हिंदी कळफलकाने शब्द बदललेला असतो, कुठे सुचवणीच्या पट्टीने नको तिथे जागा सोडलेली असते, तर कुठे हवे ते अक्षर सापडले नाही म्हणून दुसरेच दाबलेले असते. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने शाळेच्या पुस्तकाचा क्रम धरू नये. आधी कळफलक, मग शब्दांमधली जागा, मग वेलांट्या-उकार, आणि मग विरामचिन्हे.

कळफलक मराठीच आहे ना?

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची. फोनच्या स्पेसबारवर ‘मराठी’ लिहिले आहे की ‘हिन्दी’, ते पाहा. देवनागरी उमटते म्हणजे काम झाले, असे समजून अनेकजण वर्षानुवर्षे हिंदी कळफलक वापरतात. मग हा कळफलक ‘शक्ती’चे ‘शक्ति’, ‘कवी’चे ‘कवि’ आणि ‘व्यक्ती’चे ‘व्यक्ति’ सुचवतो. हिंदीत ते शुद्धच आहे, मराठीत नाही. ‘ज़’, ‘फ़’ अशी खाली टिंब असलेली अक्षरे, ‘हूँ’सारखे चंद्रबिंदू आणि वाक्याच्या शेवटी उभा दंड हे सगळे तिकडूनच येते. आजच्या मराठी गद्यात वाक्य टिंबाने संपते. दंड अभंग-ओव्यांसाठी ठेवावा.

अँड्रॉइड फोनवर कळफलक उघडा आणि त्याच्या वरच्या पट्टीतल्या दातेरी चाकाच्या खुणेवर बोट ठेवा. ‘भाषा’मध्ये जाऊन ‘कीबोर्ड जोडा’ निवडा आणि ‘मराठी’ घ्या. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स, आणि तिथे नवा कीबोर्ड जोडण्याची ओळ. विंडोजमध्ये सेटिंग्जच्या भाषा विभागात मराठी जोडा. मग विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. मराठी जोडून झाल्यावर, हिंदीत लिहायचे नसेल तर हिंदी काढून टाका. दोन्ही ठेवले की बोट चुकून तिकडे जातेच.

मराठीतही दोन पर्याय दिसतात. एकात रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटते. शिकायला सोपा, पण हा कळफलक शब्द ओळखत नाही, त्याचा अंदाज बांधतो. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वाट’ आणि ‘वात’ यांच्यासाठी बोटे जवळपास त्याच कळांवर पडतात आणि निवड पट्टीवर सोडलेली असते. ‘मी काळ आलो होतो’ हे वाक्य असेच जन्माला येते. दुसऱ्या पर्यायात देवनागरी अक्षरे थेट मांडलेली असतात. पहिले चार-सहा दिवस ते जड जाते, पण त्यात ‘ल’ दाबला की ‘ल’च येतो. संगणकावर बरेच लिहायचे असेल तर सरकारने प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट शिकावा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. रोज पंधरा-वीस मिनिटे बसलात तर काही आठवड्यांत हात बसतो.

कळफलक बसवला की तीन अक्षरे मुद्दाम शोधून ठेवा. बहुतेकांचे घोडे यांच्यापाशीच अडते.

‘ऱ’ : दुसऱ्या, बऱ्याच, ऱ्हस्व. ते सापडले नाही की लोक ‘दुसर्या’ लिहितात. हा नुसता दिसण्याचा फरक नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर विद्वान येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी. फोनवर ‘र’ दाबून धरून पाहा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग अक्षराचा पाय मोडणाऱ्या हलन्तासाठी डी, मग य किंवा ह.

‘ः’ : विसर्ग. तो मिळाला नाही की अपूर्णविरामाची दोन टिंबे टाकून ‘दु:ख’, ‘स्वत:’ असे लिहिले जाते. डोळ्यांना सारखेच दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे शब्द तुटला. ‘दुःख’ शोधणाऱ्याला ‘दु:ख’ सापडेलच असे नाही, आणि कधीकधी ओळीच्या शेवटी शब्द मधोमध फुटतो. विसर्ग अनुस्वाराच्या कळीवर किंवा तिच्या आसपास असतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि संयोगचिन्हाची कळ.

‘ॲ’ : ॲप, ॲसिड, ॲल्युमिनियम. हे एकच अक्षर आहे. ‘अ’ वेगळा आणि चंद्र वेगळा दाबूनही ‘अॅ’ उमटतो, पण संगणक त्याला निराळा समजतो. ‘एप’ लिहिणे तर नकोच.

जुन्या छपाईच्या फॉन्टमधला मजकूर, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव वगैरे, युनिकोडमध्ये (आज सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घेतला असेल तर याच तीन जागा आधी तपासा.

जोडायचे की तोडायचे

आजच्या ऑनलाइन मराठीतली सर्वांत पसरलेली चूक वेलांटीची नाही, जागेची आहे. ‘मुलां साठी’, ‘घरा समोर’, ‘सर्वां पेक्षा’, ‘पुणे मध्ये’. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात : मुलांसाठी, घरासमोर, सर्वांपेक्षा, पुण्यामध्ये.

याची कारणे दोन. पट्टीवरचा शब्द निवडला की कळफलक त्यामागे आपणहून एक जागा सोडतो. पुढचे ‘साठी’ त्या जागेनंतर पडते. दुसरे कारण हिंदीचा शेजार. तिथे नामामागचा ‘ने’, ‘को’, ‘में’ सुटाच लिहितात, आणि भाषांतरित जाहिराती वाचून डोळ्यांना तेच वळण पडते.

यावर उपाय असा : ‘मुलां’ निवडून मग ‘साठी’ लिहू नका, ‘मुलांसाठी’ हा अख्खा शब्द टाईप होईपर्यंत पट्टीला हात लावू नका. आधीच निवडला असेल तर एकदा मागे जाऊन जागा खोडा. वरचेवर लागणारी रूपे (तुमच्या गावाचे ‘-मध्ये’, ‘-हून’, ‘-पर्यंत’) कळफलकाच्या वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवा. पुढच्या वेळी तोच ती सुचवतो.

जोडायचे की नाही हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. आधीचा शब्द आपले मूळ रूप सोडून वाकला असेल तर पुढचा त्याला जोडायचा. ‘घर’चे ‘घरा’ झाले, म्हणून ‘घरासमोर’. ‘समोर बस उभी आहे’, ‘तो वर गेला’ यांत आधी वाकलेले काही नाही, म्हणून ‘समोर’ आणि ‘वर’ सुटे. काही शब्द वाकत नाहीत, तरी जोडणी होतेच : मुंबईहून, कल्याणमध्ये.

गावांच्या नावांचे हाल फार होतात. ‘ठाणे येथे’ ठीक आहे, कारण ‘येथे’ हा सुटा शब्द आहे. पण ‘ठाणे मधील’ नव्हे, ‘ठाण्यातील’. पुणे – पुण्यात, धुळे – धुळ्याला, सातारा – साताऱ्याहून. नाव जसेच्या तसे ठेवायलाच हवे असेल, सरकारी पत्त्यात असते तसे, तर ‘येथे’ आणि ‘येथील’ वापरून सुटका करून घ्यावी.

‘च’, ‘ही’ आणि ‘सुद्धा’ हेही जोडूनच : तूच, मीही, त्यांनासुद्धा. इथे जागा अर्थ फिरवते. ‘तीही गोष्ट सांगितली’ म्हणजे आणखी एक गोष्ट सांगितली. ‘ती ही गोष्ट सांगते’ म्हणजे ती बाई ही कहाणी सांगते. उलट ‘नये’, ‘नका’, ‘पाहिजे’ आणि प्रश्नाचा ‘का’ नेहमी सुटे : करू नये, येऊ नका, आलात का?

सामासिक शब्द तोडू नका. ‘रक्त दान शिबीराचे आव्हान’ या चार शब्दांच्या फलकात तीन चुका आहेत. रक्तदान हा एक शब्द आहे. ‘शिबिर’मधली ‘बि’ ऱ्हस्व आहे, म्हणून ‘शिबिराचे’. आणि लोकांना बोलवायचे असेल तर ते आवाहन. आव्हान कुस्तीत देतात.

वेलांट्या आणि उकार

आज चालणारे नियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत. १९६२ साली चौदा झाले, १९७२मध्ये चारांची भर पडली. अठराच्या अठरा पाठ करण्याआधी पुढचे चार मुद्दे हाताखालून गेले, तरी रोजच्या लिहिण्यातला बराचसा भाग निभावतो.

शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ. मी, की, तू, नाही, पाटी, वस्तू. संस्कृतातून आलेले शब्दही मराठीत याच रांगेत बसतात : कवी, बुद्धी, गुरू, मधू. अपवाद थोडे : आणि, नि, परंतु, तथापि यांसारखी अव्यये. त्यामुळे ‘आणी’ चूक आणि ‘कि’ही चूक. हे दोन शब्द आजच सुधारले तरी तुमचा मजकूर लगेच वेगळा दिसू लागेल.

हाच संस्कृत शब्द समासात पुढे आला की पुन्हा ऱ्हस्व होतो. गुरू, पण गुरुपौर्णिमा. शक्ती, पण शक्तिस्थळ. तसेच वस्तुस्थिती, भक्तिगीत, कविसंमेलन, मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय. प्रत्यय लागला तर मात्र दीर्घच राहतो : गुरूंना, शक्तीने. आषाढी पौर्णिमेला फोनवर ‘गुरूपौर्णिमे’च्या शुभेच्छांचा पाऊस पडतो, तो हा फरक ठाऊक नसल्यामुळे.

तिसरा मुद्दा शेवटून दुसऱ्या अक्षराचा. शब्द ‘अ’ने संपत असेल तर ते दीर्घ : फूल, मूल, गरीब, वकील, बहीण, कठीण, माणूस. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर ऱ्हस्व : किती, गरिबी, माहिती, विळी, किडा, सुरू. चौथा मुद्दा त्यालाच लागून. प्रत्ययासाठी शब्द वाकला की ते दीर्घ अक्षर आखडते : फुलाला, मुलांना, गरिबांचा, वकिलाने, बहिणीकडे. तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यामागे कान एकच आहे. जोर पुढच्या दीर्घ अक्षरावर गेला की आधीचे आखूड होते. ‘फूल’ आणि ‘फुलाला’ मोठ्याने म्हणून पाहा, जीभ आपोआप तसे करते. म्हणून कोल्हापूर – कोल्हापुरात – कोल्हापुरी. ‘कोल्हापूरला’मध्ये शब्द वाकलाच नाही, तेव्हा दीर्घ तसाच.

संस्कृत शब्द या दोन्ही मुद्द्यांना जुमानत नाहीत. ते मुळात जसे आहेत तसे राहतात : मंदिर, गुण, हित, मधुर यांत ऱ्हस्व, नीती, भीती, कीर्ती, पूजा यांत दीर्घ, आणि शरीराला, गीताचे यांतही दीर्घच. कोणता शब्द संस्कृत हे नवख्याला कळणार कसे? नियमाने नाही, सवयीने. नेहमी चुकणारे पंधरा-वीस शब्द कागदावर लिहून टेबलाशी लावा : आशीर्वाद, परीक्षा, हार्दिक, अभीष्टचिंतन, पूर्ण, ऊर्जा, विद्यार्थिनी, पारंपरिक (‘पारंपारिक’ नव्हे), दिन. यातला शेवटचा विसरू नका. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे दुबळा. २७ फेब्रुवारीला ‘मराठी भाषा गौरव दीन’ लिहिणारा नकळत भलतेच बोलून जातो.

अनुस्वाराचे फार लांबवायला नको. उच्चारात नाकातला स्वर स्पष्ट असेल तिथे द्या. आणि अनेकवचनी नाम प्रत्ययासाठी वाकते तिथे द्या : मुलाने – मुलांनी. आदराच्या माणसालाही तोच : सरांनी, आजोबांना. बाकी कुठे नाही. आजोबांच्या पत्रांतले ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ मात्र चूक समजू नका. १९६२पूर्वी तेच शुद्ध होते.

‘असं केलं’ की ‘असे केले’, हा वाद घरोघरी चालतो. बोलीच्या जवळचे लिहायचे तर पहिले, औपचारिक लिहायचे तर दुसरे. दोन्ही एकाच वाक्यात नकोत : ‘त्यांनी सांगितलं की काम पूर्ण झाले’ हे कानाला खुपते. वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत कुणी लिहिले तर तिथे हे नियम घेऊन जाऊ नयेत. ती बोली आहे, चूक नाही.

जोडाक्षरे

‘शुद्ध’ हा शब्दच ‘शुध्द’ असा लिहिलेला किती ठिकाणी दिसतो! पध्दत, प्रसिध्द, बुध्दी यांचीही तीच गत. ‘द्ध’मध्ये आधी द, मग ध : द, हलन्त, ध या क्रमाने दाबायचे. संस्कृत शब्दांत साधे अक्षर आणि त्याचेच हकारयुक्त रूप (च-छ, त-थ, द-ध) जोडले गेले तर हकारयुक्त मागे येते : इच्छा, उत्थान, युद्ध. विठ्ठल आणि चिठ्ठी यांना हा कायदा लागू नाही.

‘त्व’ एक त की दोन? मूळ शब्दाच्या शेवटी त असेल तर दोन. महत् + त्व = महत्त्व. तसेच तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व. नसेल तर एकच : अस्तित्व, नेतृत्व, प्रभुत्व. उत् + ज्वल = उज्ज्वल, म्हणून तिथे दोन ज.

रोमन अक्षरांवरून लिहिणाऱ्यांचा खास घोटाळा म्हणजे ‘क्रुपया’ आणि ‘ह्रदय’. हवा तो ‘ृ’ : कृपया, हृदय, गृहप्रवेश. ‘ग्रहप्रवेश’ ज्योतिष्याकडे होतो. आणि ब्राह्मण, ब्रह्म यांत आधी ह, मग म.

विरामचिन्हे

मोडी दस्तऐवजांत शब्द सुटे करण्याचीही रीत नव्हती, मग विरामचिन्हे कुठली? ती मराठी छापखान्यात १९व्या शतकात आली आणि रुळवण्याचे श्रेय बहुतांशी इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. ‘आपल्याला कुठे हवीत ही इंग्रजी टिंबे’ म्हणणाऱ्यांचा इतिहास बरोबर आहे. पण सोसायटीचे पाणी त्यांनाही भरायचे असते.

जागेचा नियम आधी. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह हे आधीच्या शब्दाला चिकटून येतात आणि त्यांच्यानंतर एक जागा सुटते. ‘नमस्कार ,कसे आहात’ हे उलटे झाले. कंसाच्या आत कडेला जागा नको.

पूर्णविरामाऐवजी टिंबांची माळ ओढणे ही सर्वांत वाईट खोड. ‘उद्या बैठक आहे......सर्वांनी यावे......वेळ पाळावी’. वाचणाऱ्याला वाटते, लिहिणारा काहीतरी लपवतो आहे. बोलणे अर्धवट तुटले असेल तिथेच टिंबे द्यावीत, आणि तीही तीनच. उद्गारचिन्ह एक पुरते.

हाक मारली की स्वल्पविराम. ‘काका, जेवलात का?’ असा विचारलेला प्रश्न काकांना आहे. ‘आई, बाबा आले’ हे आईला सांगितले, ‘आई-बाबा आले’ म्हणजे दोघे आले. यादीत शेवटच्या ‘आणि’आधी स्वल्पविराम लागत नाही. ‘की’चा घोळ मात्र सार्वत्रिक आहे : ‘त्यांनी कळवले की, बैठक रद्द झाली’. बोलताना आपण ‘की’नंतर थांबतो, म्हणून हात तिथे चिन्ह टाकतो. वाक्य तुटते ते ‘की’च्या आधी : ‘त्यांनी कळवले, की बैठक रद्द झाली.’

कुणाचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तर दुहेरी अवतरण : ती म्हणाली, “मी येते.” एखाद्या शब्दाकडे बोट दाखवायचे तर एकेरी. संयोगचिन्ह दोन्ही बाजूंनी चिकटून : ने-आण, दोन-चार. आकड्याला प्रत्यय थेट जोडा : ५वा, २०२४मध्ये.

बोलून टाईप करणाऱ्यांनी हा भाग शेवटी स्वतःच्या हाताने करावा. आवाजावरून उमटलेल्या मजकुरात बहुधा चिन्हे नसतात आणि प्रत्ययही सुटे पडतात.

पाठवण्याआधी

लांब मजकूर संगणकावर तपासा. शोधाच्या चौकटीत आधी एक जागा देऊन ‘ साठी’ टाका, मग ‘ मध्ये’, ‘ पेक्षा’, ‘ बद्दल’, ‘ पर्यंत’, ‘ मुळे’. जे सापडेल ते जवळजवळ सगळे जोडायचे. नंतर ‘ध्द’, मग जागा आणि स्वल्पविराम, मग लागोपाठ दोन पूर्णविराम, आणि अक्षरांत अडकलेला अपूर्णविराम. एवढ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस यांना मराठी शब्दतपासणी जोडता येते. ती घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे सगळे तिच्या लेखी बरोबर असतात.

छोटा संदेश एकदा ओठांतल्या ओठांत वाचा. जिथे श्वास घेतलात तिथे चिन्ह आहे का, एवढेच पाहा. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या तर खासगीत सांगा, आणि श्रद्धांजलीच्या संदेशाखाली तर कधीच नको, मग तिथे ‘भावपुर्ण’ का लिहिलेले असेना. आपलीच चूक पाठवल्यावर दिसली तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांच्या आत संदेश दाबून धरून दुरुस्त करता येतो. पाण्याचा असेल तर पहिल्या पाचांतच करा, बादल्या भरायला तेवढा वेळ पुरतो.